साक्षीला कोण उभं राहणार

११ फेब्रुवारी

धाकट्या साडूस थोरल्याचा आशीर्वाद. तू तो आजवर कधी मागितला नाहीस, तरी फुकट आहे म्हणून घे.

मी पोचलो, धडधाकट आहे. हे फोनवर तुझ्या अक्काला सांगितलंच आहे. पण फोनवर ती असते, तिच्यामागे माझी लेक, चिमणी असते, आणि दोघींचे श्वास ऐकू येतात. मग मी 'झकास आहे' म्हणतो आणि फोन ठेवतो. बायकोला खोटं सांगायचं तर निदान एका माणसाला खरं सांगायला हवं, म्हणून हे पत्र. सख्ख्या बहिणींशी लग्नं करून आपण दोघांनी एकाच विहिरीत उड्या मारल्या आहेत, तुझ्यापासून काय लपवायचं?

झालं ते असं. तिथे राहण्याच्या कागदांचा माझा अर्ज पडून आहे, म्हणून दरवर्षीसारखा मी कचेरीत हजेरी लावायला गेलो. शिक्का मारतात, पुढच्या वर्षी या म्हणतात, एवढंच काम. या खेपेला खिडकीतली बाई कागद घेऊन आत गेली आणि बाहेर आले दोन पहारेकरी. मी म्हटलं, "दुकान उघडं टाकून आलोय. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागलाय." त्यातला एक म्हणाला, "सगळ्यांचं काही ना काही उघडंच असतं." फार वर्षांपूर्वी म्हणे माझी सुनावणी झाली, मी गेलो नाही, म्हणून मला देशाबाहेर घालवायचा हुकूम निघाला. अशी काही सुनावणी होती हे मला त्या दिवशी कळलं. वकील मागितला तर म्हणाले, तिकडे गेल्यावर करा.

विमानातून उतरल्यावर कोठडीत काढून घेतलेला माझा पट्टा आणि बुटांच्या नाड्या एका प्लास्टिकच्या पिशवीत परत दिल्या. विमानतळाबाहेर फुटपाथवर बसून आम्ही सगळे नाड्या ओवत होतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आई-वडील गेल्यावर घर विकलं होतंच. आता माझ्या जन्मगावी पिठाच्या गिरणीमागे एक खोली घेतली आहे. गिरणी सुरू झाली की खाट आपोआप सरकते. सकाळी दाराजवळ असलेला मी दुपारी खिडकीजवळ असतो. अंगावर सतत पीठ. तुझी आठवण येते ती त्यामुळे, गैरसमज नको.

तिला यातलं काही सांगू नकोस. गल्लीचं सगळं लिही.

— थोरला


२ मार्च

साडूभाऊ,

तुमचा फुकटचा आशीर्वाद मिळाला. जपून ठेवला आहे, अडीअडचणीला तुम्हालाच परत देईन.

इकडे सगळं ठीक. तुमच्या गिऱ्हाइकाचा उरलेला गाल मी पुसला. दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या दाढीने कामावर गेला आणि सगळ्यांना कारण सांगत फिरला. अजून दाढी केलेली नाही. म्हणतो, ज्याने सुरू केली तोच पुरी करील. त्याची बायको वैतागली आहे.

गल्ली होती तशीच आहे. लाँड्रीची वाफ, शाळेची घंटा, शिंपी मास्तरांच्या मशीनचा खडखडाट. मास्तर रोज सकाळी पाव घ्यायला येतात आणि विचारतात, "आमच्या भिंतीचं काय म्हणणं?" तुम्ही गेल्यापासून तुमच्या दुकानाच्या बाजूची भिंत गार पडते म्हणे. शिलाई मशीनला गार भिंत चालत नाही असं त्यांचं नवंच शास्त्र आहे. बायको गेल्यापासून त्यांना बोलायला तुम्हीच होतात, हे मला आता कळतंय; कारण आता त्यांना मीच आहे, आणि माझे पाव करपतात.

पाव मात्र थोडे कमी करतोय हल्ली. थंडी आहे, लोक बाहेर पडत नाहीत.

चिमणीची परीक्षा जवळ आली आहे. आमची ही, धाकटी, रोज संध्याकाळी अक्काकडे जाते. काळजी करू नका.

— धाकटा


२४ मार्च

धाकट्या,

थंडीत पाव कमी खपतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. असो. भट्टी तुझी.

मला इथल्या बाजारातल्या एका सलूनमध्ये खुर्ची मिळाली आहे. मालक पोरगेलासा आहे, डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून मधे तुरा ठेवतो आणि त्याला फॅशन म्हणतो. मला म्हाताऱ्यांची डोकी देतात. मी बोललो की पोरं हसतात. माझ्या तोंडी त्यांच्या आजोबांचे शब्द आहेत म्हणे. खरंच आहे, निघालो तेव्हा जी भाषा होती तीच घेऊन आलो. वाटेत बदलायला मिळाली नाही. तिथे इतकी वर्षं माझ्या उच्चारांना हसायचे, इथे शब्दांना. धड ना इकडचा, धड ना तिकडचा.

तुला गंमत सांगतो. तिथे कात्री चालवताना मी दिवसभर या गावाच्या गोष्टी सांगायचो. नदीवरचा दगडी पूल, घड्याळाचा मनोरा, थिएटरबाहेरची लिंबू सोडा विकणारी म्हातारी. ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. आता इथे म्हाताऱ्यांची डोकी धरून मी आपल्या गल्लीच्या गोष्टी सांगतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आपण खुर्च्या बाहेर काढायचो. तू कपाळाला पीठ घेऊन यायचास. मास्तर गळ्यात टेप घालूनच बसायचे, जणू काही रस्त्यावरूनही कुणी माप द्यायला येईल. बायका पलीकडच्या पायरीवर. पोरं मधे फुटबॉल खेळायची आणि तो नेमका लाँड्रीच्या टोपलीत पडायचा. कुणीही महत्त्वाचं काही बोलत नव्हतं. मला आता त्यातलं एकेक वाक्य आठवतं.

भिंतीपलीकडचं मशीन चालू झालं की माझी कात्री त्याच्या ठेक्यावर पडायची. इथे गिरणीच्या ठेक्यावर कापायला गेलो तर माणसाचा कान जाईल.

एक विचारायचं होतं. तुझ्या अक्काची पत्रं दोन-दोन ओळींची येतात. फोनही लवकर ठेवते. रागावली आहे का? की आजारी आहे? खरं लिही. तिने माझी वाट बघायचं सोडलं असेल तरी लिही.

— थोरला


१५ एप्रिल

साडूभाऊ,

शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं आणि धाकटीला रडू. आता अक्काने परवानगी दिली आहे म्हणून गुपित फोडतो.

अक्काने तुमचं दुकान उघडलं आहे. ती केस कापते.

बसून वाचा. तुम्ही गेल्यावर पंधरवड्याने तिने शटर वर केलं, तुमचा पांढरा कोट घातला, बाह्या दुमडल्या आणि कात्री हातात घेऊन उभी राहिली. पुरुष दारापर्यंत यायचे, तिला बघून 'नंतर येतो' म्हणायचे. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी धाकटीने मला हुकूम सोडला, "जा आणि बस." गेलो. डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा आरशात माझ्याऐवजी सोलून ठेवलेला बटाटा होता. अक्का म्हणाली, "वाढतील." मी तसाच बेकरीत उभा राहिलो. लोकांनी मला पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, दुपारपासून एकेक जण जाऊन बसायला लागला. हसत हसत बसले आणि डोकी घालवून उठले. आता मात्र हात बसला आहे. परवा मास्तरांची कानशिलं तिने तुमच्यापेक्षा सरळ कापली. असं मास्तर म्हणतात, मी नाही.

म्हणून पत्रं दोन ओळींची. तिला संध्याकाळी बोटं मिटता येत नाहीत. तुम्हाला कळवायचं नव्हतं. तुम्ही तिकडे कपाळाला हात लावाल म्हणाली.

दुसरी बातमी मोठी आहे. चिमणीने एक वकीलबाई शोधली. तिने जुने कागद मागवले. तुमच्या सुनावणीची नोटीस त्या पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर गेली होती. आग लागून चाळ रिकामी झाली, तुम्ही सगळे गल्लीत राहायला आलात, त्याच्यानंतर. म्हणजे नोटीस गेली ती ढिगाऱ्याला. बाई म्हणतात, माणसाला न कळवता त्याचा निकाल लावता येत नाही, तो हुकूम रद्द व्हायला हवा. पण तुम्ही तेव्हा तिथे राहत नव्हता हे शपथेवर सांगणारा माणूस पाहिजे, आणि बायकोच्या शब्दाला वजन नाही. मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो. चाळीतले बाकीचे कुठल्या कुठे पांगले.

राहिले मास्तर. तुमच्या वरच्या मजल्यावर तेच होते. काल मी त्यांना सांगितलं. त्यांनी दातांतला दोरा काढला आणि म्हणाले, "येतो की."

— धाकटा


६ मे

धाकट्या,

हे पत्र मिळताच मास्तरांकडे जा. त्यांना म्हणावं, घरात बसा.

तुला ठाऊक नाही का? त्यांचा अर्ज कधीच फेटाळला गेला आहे. इतकी वर्षं ते गप्प राहून जगले. बस चुकली तरी धावत नाहीत, रस्त्यात धावणाऱ्याकडे पोलीस बघतात म्हणून. आणि तू त्यांना कोर्टाच्या दारात नेतोयस? तिथे नाव विचारतात, पत्ता विचारतात. ते नाव कुणीतरी पुढच्या खोलीत नेऊन देतं.

मला यायचं आहे. किती, ते तुला कशाला सांगू? काल एका म्हाताऱ्याचे केस कापताना मी आरशात बघून चिमणीला हाक मारली, टॉवेल दे म्हणून. पण मला परत आणायला दुसरा माणूस जाणार असेल तर तो सौदा मला नको.

तुझ्या अक्काला सांग, मी कपाळाला हात लावला नाही. गिरणीवाल्याला, सलूनच्या मालकाला, सगळ्यांना सांगत सुटलो. मालक म्हणाला, "काका, मग त्यांनाच बोलवा, तुमच्यापेक्षा बरं कापत असतील."

मास्तरांना अडव.

— थोरला


२८ मे

साडूभाऊ,

सुनावणी झाली, चांगली झाली असं वकीलबाई म्हणतात. निकाल कळायला वेळ लागेल.

इकडे सगळे मजेत. मास्तर कामात बुडाले आहेत. चिमणी पास झाली.

भट्टी पेटवायची आहे, म्हणून आटोपतो.

— धाकटा


१९ जून

धाकट्या,

मास्तर कामात बुडालेले नाहीत. मास्तर माझ्या खाटेवर झोपले आहेत आणि गिरणी चालू असल्यामुळे या क्षणी खिडकीच्या दिशेने सरकत आहेत.

काल दुपारी सलूनच्या दारात एक माणूस उभा राहिला. हातात प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं गिऱ्हाईक. म्हटलं, "बसा." तो म्हणाला, "आधी सांगा, ते थिएटर कुठे गेलं? मी तासभर शोधतोय." आवाज ओळखला आणि माझ्या हातातला वस्तरा खाली पडला.

त्यांच्या स्वतःच्या गावात त्यांचं कुणी उरलेलं नाही. विमानतळाबाहेर बसवाल्याने कुठे जायचं विचारलं तेव्हा तोंडात माझ्याच गावाचं नाव आलं म्हणे. भिंतीतून इतकी वर्षं ऐकलं होतं. पूल सापडला, मनोरा सापडला, पण घड्याळ बंद आणि थिएटरच्या जागी मोटारींचं दुकान. माझ्यावर थोडे नाराज आहेत. म्हणतात, गाव जरा वाढवून सांगितलंत.

रात्री जेवताना मी तुझं नाव काढून शिव्या घातल्या. त्यांनी हात धरला. म्हणाले, तुमचं पत्र वेळेवर पोचलं होतं. बेकरीवाला सकाळी पिठाच्या हातांनी धावत आला, दारात आडवा उभा राहिला, हात जोडले, अक्काही आल्या. "मीच ऐकलं नाही," म्हणाले. मी विचारलं, का? तर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "इतकी वर्षं मला कुणी काही विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तेही खरं असलेलं."

कोर्टात न्यायाधीशाने विचारलं, चाळ रिकामी झाली ते इतकं पक्कं कसं आठवतं? हे म्हणाले, "आग लागली त्या आठवड्यात माझी बायको गेली. यांची बायको तिचं अंथरूण खांद्यावर घेऊन जिना उतरली होती. त्यानंतर त्या चाळीत आमच्यातलं कुणीही परत गेलं नाही." बाहेर पायऱ्यांवरच त्यांना धरलं. टेप गळ्यात होती. ती पिशवीत घालून परत दिली आहे.

तू मला खोटं लिहिलंस. मीही तिला खोटंच सांगत असतो, तेव्हा कोणत्या तोंडाने रागवू? पण आता पुरे. गल्लीचं खरं काय ते लिही.

— थोरला


८ जुलै

साडूभाऊ,

मास्तर तुमच्याकडे पोचले हे वाचून आम्ही सगळे एका जागी बसून राहिलो. अक्काने पत्र स्वतः वाचलं. तुमच्या खोलीचं, खाटेचं, सगळं तिला कळलं. "झकास आहे म्हणे," एवढंच बोलली आणि दुकानात गेली.

आता खरं. थंडी कधीच संपली, पाव तरी खपत नाहीत. लाँड्रीवर धाड पडली, सकाळच्या पाळीतल्या बायका नेल्या. लाँड्री बंद आहे. वाफ नाही, त्यामुळे सकाळी गल्ली फार लांबपर्यंत दिसते, आणि दिसण्यासारखं काही नाही. शाळेतल्या बाई बेकरीत येऊन विचारतात, अमक्या घरची मुलं कुठे गेली, वर्ग निम्मा झाला. मी काय सांगू? काही दुसऱ्या शहरात गेले, काही आहेत पण दार उघडत नाहीत. त्यांचे पाव धाकटी दाराला अडकवून येते. रविवारी फुटबॉलला दोन्हीकडची मिळून एकच टीम होते, म्हणून पोरं नुसती गोल मारत बसतात. गोलकीपरही नेला. ज्याच्या गालाला साबण होता तो आठवतो ना? गेल्या महिन्यात त्याने अक्काकडून दाढी करून घेतली. दुसऱ्या दिवशी तोही घर रिकामं करून गेला, न सांगता.

आणि ज्यांच्याकडे कागद आहेत ते आम्ही खाली मान घालून चालतो. आपण एकाच वर्षी आलो, साडूभाऊ. माझ्या अर्जावर शिक्का पडला, तुमच्यावर नाही. मी तुमच्यापेक्षा काय चांगलं केलं होतं? पाव तर करपतात.

आता मुद्द्याचं. काल निकाल आला. हुकूम रद्द झाला. तुम्हाला परत येऊ द्यावं आणि तुमचं म्हणणं पहिल्यापासून ऐकावं, असं कोर्टाने म्हटलं आहे. निकालात मास्तरांच्या साक्षीचं पान आहे. हे कायमचं नाही, पुन्हा सुनावण्या आहेत. पण तुम्ही येऊ शकता.

मास्तरांना हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला धीर होत नाही.

— धाकटा


१४ ऑक्टोबर

मास्तर,

स्टँडवर तुम्ही बस हलेपर्यंत माझ्या कोटाच्या शिवणीकडे बघत होतात आणि म्हणालात, "खांद्यात ढिला आहे, तिकडे जाऊन बसवून घ्या." कुणाकडून बसवून घेऊ? ढिलाच घालतो आहे.

पोचून महिना होत आला. आधी लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. विमानतळावर चिमणी पळत आली. इतकी उंच झाली आहे की मी आधी तिच्या मागे तिला शोधत होतो. ही मात्र लांबच उभी राहिली. जवळ गेलो तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "कुणी कापलेत हे? मागून वर-खाली आहेत." तुम्हीच कापलेत हे मी सांगितलं नाही.

दुकानात आता दोन खुर्च्या आहेत. आरशासमोरची तिची. मला दाराजवळची मिळाली आहे, आणि जुनी गिऱ्हाइकं आत येऊन मला नमस्कार करतात आणि तिच्याकडे जाऊन बसतात.

गल्ली मी तुम्हाला रोज सांगायचो तशी नाही. बेकरीवाल्याने लिहिलं होतं सगळं, पण मी डोळ्यांपुढे जुनीच धरून बसलो होतो. गावाचं जे केलं तेच गल्लीचं केलं, वाढवून ठेवली. पहिल्या संध्याकाळी मी खुर्ची बाहेर काढली. थोड्या वेळाने बेकरीवाला आला, त्याची खुर्ची घेऊन. बाकी कुणी नाही. समोर शटरं खाली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढल्या. आता शाळेच्या बाई घरी जाताना पाच मिनिटं टेकतात. परवा पलीकडच्या घराची खिडकी उघडली आणि आतून कुणीतरी विचारलं, "पाव शिल्लक आहेत का?" बेकरीवाला इतका गडबडला की टोपलीच घेऊन गेला.

तुमच्या दुकानाची किल्ली हिच्याकडे आहे. मशीनला तेल देते. भाड्याचं बेकरीवाल्याने घरमालकाशी बोलून घेतलं आहे, त्यात तुम्ही पडू नका.

आता कामाचं. मी वकीलबाईंकडे गेलो होतो. तुमचे जुने कागद त्यांनी काढले. तुमचा अर्ज फेटाळला तो तुम्ही इथे सलग राहत होता याचा पुरावा नाही म्हणून. तुमचं म्हणणं ऐकायला दुभाष्याही दिला नव्हता. बाई म्हणाल्या, प्रकरण पुन्हा उघडता येईल, नक्की काही सांगत नाही, पण कुणीतरी शपथेवर सांगावं लागेल की हा माणूस इतकी वर्षं इथेच राहिला आणि इथेच राबला. मग त्या चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही मात्र नको. तुमचंच प्रकरण अजून उघडं आहे. त्याच पायऱ्या आहेत. दुसरा कुणी बघा."

दुसरे खूप आहेत, मास्तर. बेकरीवाला तयार आहे, शाळेच्या बाई तयार आहेत. पण भिंतीपलीकडे तुमचं मशीन रोज सकाळी कधी सुरू व्हायचं आणि संध्याकाळी कधी थांबायचं, हे माझ्याशिवाय कोण सांगणार?

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. खोटं सांगायचं सोडलं आहे. ती कात्री पुसत होती. मी म्हटलं, "परत नेलं तर?" ती पुसतच राहिली. चिमणी आतल्या खोलीत वाचत होती, तिचं पान उलटायचं थांबलं. मग ही म्हणाली, "मी त्यांच्या बायकोचं अंथरूण खाली आणलं होतं. मीपण येते. दोघांची नावं द्या."

आज सकाळी दोन्ही नावं देऊन आलो.

— तुमचा शेजारी